गच्चीवरची कुंडी आणि गांजाचा कायदा

चैत्र सरून वैशाख लागला की नाशिकच्या गच्च्यांवर झाडे सांभाळणाऱ्यांच्या परीक्षेचे दिवस सुरू होतात. पारा चाळिशीला जाऊन भिडतो, पश्चिमेचा कोरडा वारा पानांतला ओलावा ओढून नेतो, आणि सकाळी टवटवीत दिसलेले रोप दुपारी चारच्या सुमारास मान टाकून उभे असते. अशा दिवसांत नवशिक्या बागप्रेमी तरुणांच्या तोंडून जे नानाविध प्रश्न कानी येतात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे: कुंडीत गांजाचे रोप लावता येईल काय, आणि लावले तर ते या उन्हात तगेल काय? विचारणारा बहुधा सुशिक्षित असतो, चांगल्या घरचा असतो, आणि कॅनडात किंवा जर्मनीत लोक आपल्या सज्जांत असली रोपे उघडपणे वाढवितात हे त्याने भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिलेले असते; त्यामुळे आपण काही विपरीत विचारीत आहोत अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. नेमक्या अशाच माणसासाठी हा लेख लिहिण्याचे प्रयोजन आहे, कारण जर्मनीतल्या कुंडीला लागू असलेला कायदा नाशिकच्या कुंडीला लागू नाही, आणि ही गोष्ट फौजदार दारात उभा राहिल्यावर कळणे हे फार महागात पडते.

उत्तर प्रथमच स्पष्ट सांगून टाकावे हे बरे. महाराष्ट्रात सरकारी परवान्यावाचून गांजाचे झाड लावणे हा दखलपात्र गुन्हा आहे; ते शेतात लावले, परसात लावले की गच्चीवरच्या कुंडीत लावले याने गुन्ह्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. त्यामागे जो इतिहास आहे आणि त्या कायद्याची जी घडण आहे, ती मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे.

ही वनस्पती आपल्याला परकी नव्हे. अथर्ववेदात सोम, दर्भ, यव यांच्या पंक्तीत भंगेचा उल्लेख आहे. आयुर्वेदाने तिला विजया या नावाने ओळखले, आणि शार्ङ्गधराने शरीरात पचनापूर्वीच पसरणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून अफूबरोबर तिचे नाव घेतले. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या नियमांत आयुर्वेदीय विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तीत भांग समाविष्ट असून वैद्यांनी तिचे शोधन केल्यावाचून ती वापरू नये असा दंडक आहे. पाश्चात्य वनस्पतिशास्त्रात लिनियसने १७५३ साली तिचे नामकरण केले, आणि १७८५ साली लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून तिच्या एका निराळ्या जातीचे वर्णन केले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास धनुर्वातासारख्या आजारांत तिचे प्रयोग करून ते प्रसिद्ध केले, आणि तेथून ती विलायती औषधशास्त्रात शिरली. तिच्या अंगी जी मादकता आहे, ती ज्या द्रव्यामुळे येते ते टीएचसी नावाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढून त्याची रचना निश्चित करण्याचे श्रेय इस्रायलमधील मेचौलम व गाओनी यांना १९६४ साली मिळाले.

या झाडात नर आणि मादी फुले दोन निरनिराळ्या रोपांवर असतात. मादीच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथियुक्त केस असून त्यांतून चिकट राळ स्रवते; मादकता प्रामुख्याने या राळेत असते. या एकाच झाडापासून आपल्याकडे तीन जिन्नस परंपरेने निघत आले. पानांची भांग, मादीच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि नुसत्या राळेचा चरस. हा भेद लोकव्यवहारातला असला तरी पुढे कायद्याने तो जसाच्या तसा उचलला, आणि आजच्या खटल्यांतून वकील ज्या मुद्द्यांवर भांडतात त्यांतले अनेक मुद्दे या भेदापाशी येऊन थांबतात.

इंग्रजी अंमलात गांजा ही महसुलाची बाब होती. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने त्याची लागवड, साठवण व विक्री यांवर परवान्याची आणि कराची व्यवस्था बसविली. दख्खनमध्ये त्या काळी गांजाच्या पिकासाठी जो जिल्हा प्रामुख्याने प्रसिद्ध होता तो नाशिकला लागूनच असलेला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. पावसाळ्यात पेरा व्हावा, नर झाडे ओळखून वेळीच उपटून टाकावीत, हिवाळ्यात माल निघावा आणि तो परवानेदार व्यापाऱ्याने सरकारी देखरेखीखाली उचलावा, असा तो क्रम असे. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातल्या नावगावच्या परिसरात हीच व्यवस्था अधिक काटेकोर होती. नर झाडे हुडकून काढण्यासाठी तेथे या कामात मुरलेले तज्ज्ञ शेतोशेत फिरत, आणि पुढे १९१७ साली तेथील गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही स्थापन झाली. सहकारी चळवळीच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते, हे आजच्या वाचकाला नवल वाटण्याजोगे आहे.

विलायतेत मात्र या महसुलाविषयी कुरबूर सुरू झाली होती. गांजाने माणसे वेडी होतात व हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे त्यांनीच भरलेली आहेत, असा आक्षेप पार्लमेंटात घेण्यात आला, आणि त्याची शहानिशा करण्यासाठी १८९३ साली हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि त्यात तीन हिंदी सभासदही होते. आयोगाने निरनिराळ्या प्रांतांत फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले. त्यांत मुलकी अधिकारी होते, डॉक्टर व वैद्य होते, शेतकरी होते, व्यापारी होते. वेड्यांच्या इस्पितळांतली कागदपत्रे तपासली तेव्हा असे आढळले की, रोग्याच्या नावापुढे कारण म्हणून गांजा लिहिण्याची प्रथा अनेक ठिकाणी पुरेशा चौकशीवाचून पडलेली होती. १८९४ साली सादर झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, माफक सेवनाने साधारणपणे फारसा अपाय होत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि संपूर्ण बंदी घालण्यापेक्षा परवाने, मर्यादित लागवड व भारी कर यांनीच आळा घालावा. जी बाब राज्यकर्त्यांच्या तिजोरीत भर घालीत होती तिची तपासणी त्याच राज्यकर्त्यांनी केली, हे ध्यानात घेऊनही या अहवालाचे मोल मला मोठे वाटते. साक्षी-पुराव्यांचा असा धीम्या गतीने घेतलेला धांडोळा एवढ्या विस्ताराने या विषयावर क्वचितच झाला.

पुढचे शतक उलट दिशेने गेले. १९२५ च्या जिनिव्हा करारात हिंदी गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, त्याच्या कक्षेत दारूबरोबर भांग-गांजासारखी मादक द्रव्येही आली, आणि भांगेचे नियमन महाराष्ट्रात आजही त्याच कायद्याखाली चालते. १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने मादक द्रव्यांविषयीचा एकत्रित करार झाला. भारताने तो स्वीकारला, परंतु परंपरागत सेवन बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत त्यात ठेवलेली होती. ती मुदत संपत येत असता, १९८५ साली संसदेने अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम मंजूर केला, आणि तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. लोकांच्या तोंडी तो एनडीपीएस या आद्याक्षरांनीच वावरतो.

आता कुंडीकडे वळू. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचा फुललेला किंवा फळलेला शेंडा. शेंडा सोबत नसेल तर बी आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. भांग या केंद्रीय कायद्याच्या कचाट्यातून निसटते ती याच वाटेने. परंतु गांजाची व्याख्या निराळी आणि गांजाच्या झाडाची व्याख्या निराळी. झाडाची व्याख्या करताना कायदा एवढेच म्हणतो की, या प्रजातीचे कोणतेही झाड. ते फुललेले असावे, मादी असावे, मादक असावे, अशी कोणतीही अट तेथे नाही. आठव्या कलमाने त्याची लागवड निषिद्ध केलेली आहे, आणि विसाव्या कलमाने त्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे.

येथे एक बाब अशी आहे की जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. तयार गांजा बाळगल्याच्या गुन्ह्यात कायद्याने वजनाच्या पायऱ्या पाडल्या आहेत. एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प समजले जाते व त्यास जास्तीत जास्त एक वर्षाची कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, तर वीस किलोहून अधिक प्रमाण व्यापारी ठरून शिक्षा दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत चढते. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र अशी पायरी नाही. एक रोप असो की एक एकर असो, कमाल मर्यादा दहा वर्षांचीच. शिक्षा किती द्यावी हे न्यायाधीशांच्या विवेकावर सोडलेले असल्यामुळे एका कुंडीला प्रत्यक्षात दहा वर्षे होतील असे नव्हे. परंतु अटक, पंचनामा, मुद्देमालाची जप्ती, रासायनिक पृथक्करणाच्या अहवालाची प्रतीक्षा, जामिनासाठी धावाधाव आणि विशेष न्यायालयातल्या तारखा, हे सगळे त्या एका कुंडीपायी भोगावे लागते, आणि नोकरीच्या किंवा पारपत्राच्या अर्जात त्या खटल्याची माहिती पुढची कैक वर्षे द्यावी लागते. आपण थोडेच लावले आहे, विकणार तर नाहीच, या समजुतीवर विसंबणाऱ्याने हे अंतर नीट ध्यानात घ्यावे. किंबहुना बाजारातून घेतलेल्या चिमूटभर मालापेक्षा घरी लावलेले रोप कायद्याच्या दृष्टीने अधिक गंभीर ठरू शकते.

रानात आपोआप उगवलेले झाड आणि जाणूनबुजून लावलेले झाड यांतला भेद न्यायालयांपुढे वारंवार वादाचा विषय झालेला आहे. रस्त्याच्या कडेला वा बांधावर उगवलेल्या रोपाविषयी जमीनमालकाला काही बचाव घेता येतो. कुंडीविषयी तो घेणे दुर्घट, कारण कुंडी आणली कोणी, माती भरली कोणी आणि उन्हाळ्यात तिला रोज पाणी घातले कोणी, या प्रश्नांची उत्तरे कुंडीच देते. घर भाड्याने दिले असेल आणि भाडेकरूने असे रोप ठेवल्याचे ठाऊक असूनही मालकाने ते चालू दिले असेल, तर मालकही त्याच शिक्षेस पात्र होतो. शेतात असे पीक दिसल्यास जमीनधारकाने ताबडतोब वर्दी द्यावी, आणि सरकारी अधिकारी, सरपंच, पंच व गावकामगार यांनीही द्यावी, असे या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला सातपुड्याच्या कुशीत पोलिसांना अधूनमधून गांजाची शेते सापडतात व ती उपटून नष्ट केली जातात, तेव्हा हीच कलमे कामी येतात.

नाशिककरांच्या मनात आणखी एक समज घर करून आहे. सिंहस्थात तपोवनात आणि त्र्यंबकेश्वरी उतरणाऱ्या साधूंच्या चिलमी सर्वांनी पाहिलेल्या असतात, आणि त्यावरून धार्मिक कारणासाठी गांजाला मोकळीक आहे असे अनेकजण प्रामाणिकपणे मानतात. कायद्यात अशी सवलत कोठेही लिहिलेली नाही. पर्वकाळात पोलीस काय पाहतात आणि काय पाहत नाहीत हा बंदोबस्ताचा व तारतम्याचा प्रश्न झाला. त्यावरून आपल्या गच्चीसाठी अधिकार निर्माण होत नाही.

बीविषयीही असाच घोटाळा होतो. गांजाच्या व्याख्येतून बी वगळलेले आहे, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली या झाडाचे बी, त्याचे तेल व पीठ यांना ठराविक मर्यादांच्या अधीन राहून खाद्य म्हणून मान्यता दिलेली आहे. म्हणून बी विकत मिळते, आणि मिळते त्याअर्थी पेरता येते, असा तर्क कोणी बांधला तर तो त्याला थेट विसाव्या कलमापाशी नेऊन सोडील.

कायद्याने दार पूर्णपणे लावून घेतलेले आहे असे मात्र नव्हे. दहाव्या कलमाने राज्य सरकारांना परवाने देऊन लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि चौदाव्या कलमाप्रमाणे धागा, बी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी सरकार विशेष आदेशाने लागवडीस अनुमती देऊ शकते. या आधारे उत्तराखंडाने २०१८ साली, टीएचसीचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणांच्या औद्योगिक लागवडीस परवाने देण्यास प्रारंभ केला. हिमाचल प्रदेशाने कृषी विद्यापीठांच्या साह्याने प्रायोगिक अभ्यास हाती घेतला. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेत औषधी संशोधनासाठी बंदिस्त शेत राखलेले आहे. अपस्माराच्या काही दुर्मिळ प्रकारांवर याच वनस्पतीतल्या सीबीडी या अमादक द्रव्याचे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले तेव्हा भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिले. कॅनडाने २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे आणि जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन झाडे लावण्यास मुभा दिली आहे. थायलंडने २०२२ साली निर्बंध एकदम उठविले आणि तीनच वर्षांत त्यांतले काही पुन्हा घालावे लागले.

या सर्व घडामोडी पाहून माझे मत असे झाले आहे की, महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांना धाग्याच्या व औषधाच्या वाणांवर परवान्याखाली काम करण्याची वाट शासनाने मोकळी करावी, आणि एका रोपाला व एका एकराला एकाच मापाने मोजणारे कलम संसदेने पुन्हा तपासावे. परंतु कायदा बदलावा असे वाटणे आणि तो बदललेलाच आहे असे समजून वागणे, या दोहोंत तरुण माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे उभी आहेत. शिवाय आरोग्याची बाजू आहेच. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साह्याने केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या २०१९ च्या पाहणीत, दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या २.८ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाखांनी, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही सेवन केल्याचे आढळले. कोवळ्या वयात व नित्य सेवन करणाऱ्यांत स्मरणशक्ती क्षीण होणे, अभ्यासातले चित्त उडणे, आणि ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहेत त्यांना चित्तभ्रमाचा धोका वाढणे, या गोष्टी वैद्यकाने पुष्कळ अंशी प्रस्थापित केलेल्या आहेत. आजच्या वाणांत मादक द्रव्याचे प्रमाणही पूर्वीपेक्षा बरेच अधिक असते.

ज्याला उन्हाळ्यात कुंडीत झाड जगविण्याची विद्या शिकायची आहे, त्याच्यासाठी मी अंबाडी सुचवितो. त्यात एक औचित्यही आहे. अंबाडीचे पान गांजाच्या पानासारखे दिसते, इतके की लिनियसने तिच्या शास्त्रीय नावातच भांगेचा उल्लेख गोवून ठेवला. आणि परसातली देशी अंबाडी पाहून शेजाऱ्यांनी कुजबुज करावी, असे घडण्याजोगे ते साम्य आहे. पान हातात घेऊन पाहिले की फरक चटकन कळतो. गांजाच्या पानात पाच, सात किंवा नऊ अरुंद पर्णिका असतात, प्रत्येकीला करवतीसारखी कड असते, आणि त्या देठाच्या टोकापर्यंत एकमेकींपासून पूर्ण सुट्या असतात. अंबाडीचे पान कितीही खोल चिरलेले असले तरी ते एकच पान असते, त्याच्या बोटांना तळाशी जोडणारा पापुद्रा असतो. आणि त्याच रोपाची बुडाकडची पाने बहुधा अखंड, हृदयाकृती असतात. अंबाडीच्या खोडावर बारीक काटे बोटाला लागतात. पान चुरगळले तर गांजाला उग्र चिकट दर्प येतो; अंबाडीचे पान जिभेवर ठेवले तर आंबट लागते. आणि फूल आले म्हणजे तर शंकाच उरत नाही: अंबाडीचे फूल जास्वंदीच्या कुळातले, फिकट पिवळे, पोटात गडद लाल, सकाळी उमलणारे; गांजाचे फूल हिरवे, पाकळ्यांवाचूनचे, वाऱ्यावर विसंबणारे, फूल म्हणून ओळखूही न येणारे.

कुंडीतल्या झाडाला उन्हाळा बाधतो तो मुख्यतः मुळांच्या वाटेने. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल, गार थरात जातात. कुंडीत ती चहूबाजूंनी भिंतीला लागून वेटोळे घालतात, आणि नेमकी ती भिंतच उन्हाने तापते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी दोनला हात लावून पाहावी, म्हणजे मुळांवर काय प्रसंग ओढवला आहे ते कळेल. मातीची कुंडी तिच्या छिद्रांतून पाणी बाष्परूपाने सोडीत असल्याने गार राहते, परंतु लवकर सुकतेही. यास्तव कुंड्या पूर्वेच्या बाजूला, कठड्याच्या सावलीत, एकमेकींना लगटून ठेवाव्यात. तापलेल्या लादीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवाव्यात, आणि द्राक्षबागाइतदारांकडे असते तसली पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट वरून ओढून घ्यावी. नाशिकात ती कोठेही सहज मिळते.

पाण्याविषयी नवशिक्यांची जी चूक होते ती जवळून पाहण्यासारखी आहे. आपल्या भागातली काळी माती बेसाल्ट खडकाची, पाण्याने फुगणारी आणि सुकली की आकसणारी. चार दिवस पाण्याचा खाडा पडला की ती कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने बोटभर फट पडते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि बुडाच्या भोकातून लगेच वाहू लागते. पाणी भरपूर घातले असे समाधान होते, पण मधला मुळांचा गड्डा कोरडा तो कोरडाच. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात अर्ध्यापर्यंत बुडवून ठेवावी आणि वरची माती ओली दिसू लागली की बाहेर काढावी. मूळ उपाय असा की, निव्वळ काळी माती भरूच नये. तीत तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि थोडे कोकोपीट मिसळावे, आणि वर उसाच्या पाचटाचा किंवा सुक्या पानांचा दोन बोटे जाड थर द्यावा.

दुपारी पाने मलूल झाली म्हणून लगेच पाणी ओतणे हीही एक सार्वत्रिक घाई आहे. ऐन उन्हात पानांतून जितके पाणी उडते तितके मुळांना पुरविता येत नाही, म्हणून रोप तात्पुरते मान टाकते; सूर्य कलला की पुष्कळदा ते आपोआप उभे राहते. सकाळीही ते मलूलच असेल तर मात्र बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तर पाणी द्यावे. ओली असूनही रोप कोमेजले असेल तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे, आणि तेव्हा पाणी घालणे म्हणजे घाव वाढविणे होय. पाणी पहाटे किंवा उन्हे चढण्यापूर्वी द्यावे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतले आणि नळीत साचलेले पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते, ते मुळांवर ओतू नये. ज्यांच्याकडे बोअरचे पाणी येते त्यांच्या कुंड्यांच्या काठावर व मातीवर क्षारांचा पांढरा थर चढतो. तो खरवडून काढावा, आणि महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर गोडे पाणी निथरू द्यावे. ऐन वैशाखात रासायनिक खताची मात्रा देऊ नये, कारण तहानलेल्या मुळांभोवती क्षार वाढले की त्यांना मिळते तेवढे पाणीही शोषून घेता येत नाही.

अंबाडीला हे सारे करावे लागते, परंतु ती उन्हाला सोसणारी असल्याने शिकणाऱ्याच्या चुका पदरात घेते. बारा इंच तोंडाची कुंडी घेऊन मृगाच्या आधी, वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर, रात्रभर भिजवलेले बी अर्धा इंच खोल पेरावे. उगवण झाली की दाटी विरळ करून तीन-चार जोमदार रोपे ठेवावीत. महिना-सव्वा महिन्यात वीतभर उंची झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात व पुन्हा खुडता येते. खुडलेल्या कोवळ्या पाल्याची तांदळाच्या कण्या, तुरीची डाळ व शेंगदाणे घालून भाजी शिजवावी, वरून लसणाची खमंग फोडणी द्यावी आणि ज्वारीच्या भाकरीशी खावी. दोन रोपे न खुडता वाढू द्यावीत. त्यांची बोंडे सुकून तडकू लागली की पुढच्या हंगामाचे बी घरचेच निघते.